कागद पेटीत, किल्ली गळ्यात

माझं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि ते अशा कचेरीच्या समोर आहे, जिथे परक्या माणसाला या देशात राहू द्यायचं की नाही हे ठरतं. सव्वीस वर्षं झाली. त्या कचेरीनं किती जणांना घर दिलं मला माहीत नाही, पण माझं घर तिनंच चालवलं. तिथे कुठलाही कागद एका प्रतीत चालत नाही. जन्माचा दाखला तीन प्रतींत, लग्नाचा दाखला चार प्रतींत, आणि चार प्रती दिल्या आहेत असं सांगणारा कागद दोन प्रतींत. मी तक्रार करणार नाही. माझी दोन्ही मशीनं त्या चार-तीन-दोनवरच आली आहेत.

माझ्या भिंतीला टेकून एक टपरी आहे. तिच्यात किल्लीराव बसतो. हे नाव मीच ठेवलं आणि आता कचेरीतले शिपाईसुद्धा त्याला तेच म्हणतात. कुलपं करणारा, किल्ल्या काढणारा, चाळिशी ओलांडलेला बारकेला माणूस. नऊ वर्षांपूर्वी कानशी आणि पक्कड घेऊन परदेशातून आला. कामाला चोख आणि उपदेशाला त्याहून चोख. कुणी किल्लीची नक्कल करायला आलं, की त्याला नियम ऐकवल्याशिवाय सोडायचा नाही.

"मूळ किल्ली घरी ठेवायची, नक्कल घेऊन फिरायचं. नक्कल हरवली तर मुळावरून दुसरी काढू. मूळच हरवलं तर काय माझ्या तोंडाकडे बघून काढू?"

त्यानं स्वतः एक कुलूप बनवलं होतं. आमच्या भागातल्या चाळीसएक घरांना तेच आहे. ते त्याच्या किल्लीशिवाय जगात कुणालाही उघडत नाही, असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा. घरी त्याची एक लोखंडी पेटी होती, तिलाही तेच कुलूप. त्या पेटीची एकुलती एक किल्ली त्याच्या गळ्यात असायची, आंघोळीलासुद्धा.

बायको त्याची इथलीच. शहराच्या बसवर ड्रायव्हर आहे. त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, अंगानं दुप्पट, आणि बोलायला लागली की कमी शब्दांत काम उरकणारी. मी तिला ड्रायव्हरबाई म्हणते. तिच्या घराची किल्ली एकदा कुलपात मोडली आणि किल्लीरावानं जाऊन दार उघडून दिलं, ही त्यांची ओळख. पुढच्या दीड महिन्यात तिच्या आणखी तीन किल्ल्या हरवल्या. अठरा वर्षं एवढी मोठी बस एक ओरखडा न पाडता चालवणारी बाई, आणि बोटाएवढी किल्ली तिला सांभाळता येईना! मी काय ते समजले. किल्लीराव मात्र लग्नाच्या दिवसापर्यंत तिला किल्ल्या कशा सांभाळाव्यात ते शिकवत होता.

लग्न झालं, आणि लग्नाच्या आधारावर इथे कायम राहू द्यावं असा अर्ज कचेरीत गेला. चारशे बारा पानं. माझ्याच मशीनवर निघाली. अर्जात लग्न झालं एवढं पुरत नाही, ते खरं झालं हे पटवावं लागतं. एकत्र विजेचं बिल, एकत्र भाडेपावती, एकत्र हसतानाचे फोटो. किल्लीरावाला फोटोत हसता येत नाही. सगळ्या फोटोंत तो बायकोच्या शेजारी दात दाखवायला बोलावल्यासारखा उभा. आणि बायको वयानं मोठी, अंगानं मोठी, पगारानं मोठी. कचेरीला एवढा संशय पुरेसा होता. अर्ज एकोणीस महिने नुसता पडून राहिला.

कोपऱ्यावर एक अर्जमास्तर बसतो. दुसऱ्यांचे अर्ज भरणं हाच त्याचा धंदा. त्यानं किल्लीरावाला घाबरवून ठेवलं. "मुलाखतीला दोघांना वेगवेगळं बसवतात. बायकोच्या ब्रशचा रंग विचारतात. कुठल्या कुशीवर झोपते विचारतात. एक उत्तर चुकलं की गेलात."

झालं. किल्लीरावानं माझ्याकडूनच एक शंभर पानी वही घेतली आणि रोज बायकोची माहिती लिहायला लागला. लिहून झालं की वही पेटीत आणि पेटीला कुलूप. ज्या बाईशी लग्न केलं तिच्याबद्दलची वही तिच्यापासून लपवून ठेवणारा नवरा मी तरी पहिलाच पाहिला.

अशात त्याच्या आईचा फोन आला. ती तिकडे, त्याच्या देशात, एकटी राहते. चार वर्षं माय-लेकांची गाठ नव्हती. फोन टपरीत आला, आणि हातात काम असलं की तो फोन मोठ्या आवाजावरच टाकतो, त्यामुळे मलाही ऐकू आला. भिंत पत्र्याची आहे, मी काय कान कापून ठेवू?

"माझ्या कपाटाला तुझं ते कुलूप आहे ना, त्याची किल्ली हरवली," आई म्हणाली.

"मग फोडून घे. कुणालातरी बोलाव."

"माझ्या मुलाचं कुलूप परका माणूस फोडणार? मी जिवंत आहे अजून."

"आई, मला इथून हलता येत नाही गं. अर्ज पडलाय. मी देश सोडला तर अर्ज सोडला असं धरतात."

"बरं," आई म्हणाली. "मग राहू दे बंदच. माझी थंडीची शाल आत आहे. निघेल थंडी कशीतरी."

बाई पक्की होती. त्या दिवशी किल्लीरावानं तीन किल्ल्या चुकीच्या काढल्या.

नियम असा की अर्ज पडून असताना बाहेर जायचं तर आधी प्रवासाची परवानगी काढायची. कागद नसताना गेलात तर अर्ज रद्द, आणि परत यायची वाटही बंद. परवानगीच्या अर्जात कारणांचे चार चौकोन: मृत्यू, आजारपण, शिक्षण, व्यवसाय. आईच्या कपाटाचा चौकोन नव्हता.

"आजारपणावर खूण करा," अर्जमास्तर म्हणाला. "सगळे तेच करतात. या कचेरीच्या हिशेबानं जगातल्या सगळ्या आया आजारी आहेत."

"धडधाकट आईला आजारी कसं लिहू?" किल्लीराव भडकला. "मी कुलूप उघडायला चाललोय. हा माझा व्यवसाय आहे."

त्यानं व्यवसायावर खूण केली. व्यवसायाला मालकाचं रजा मंजूर केल्याचं पत्र लागतं. टपरीचा मालक तोच. म्हणून त्यानं स्वतःला उद्देशून रजेचा अर्ज लिहिला, दोन दिवस विचार केला आणि मग मंजुरीचं पत्र दिलं. मी म्हटलं, "अरे, दोन दिवस कशाला?" तर म्हणतो, "लगेच मंजूर केली तर खोटी वाटेल, मावशी."

पाच महिन्यांनी परवानगी आली. निळसर जाड कागद, खाली उजव्या कोपऱ्यात उठावाचा शिक्का. किल्लीराव तो दोन्ही हातांवर घेऊन माझ्याकडे आला.

"मावशी, याची नक्कल काढ. रंगीत. दोन्ही बाजू. आणि लॅमिनेशन कर."

आता इथे मला माझं थोबाड फोडावंसं वाटतं. सव्वीस वर्षं त्या कचेरीसमोर बसून मला कळायला नको? मी विचारायला हवं होतं, की बाबा, नक्कल कशाला, मूळच ने. पण त्या आठवड्यात मी नवीन मशीन आणलं होतं आणि मला ते दाखवायचं होतं. रंग असा निघाला की दोन्ही कागद शेजारी ठेवून किल्लीराव विचारतो, "यातला मूळ कुठला?" मी फुगले. म्हटलं, "बाळा, छापणाऱ्यालाही सांगता येणार नाही."

आणि किल्लीराव आपल्या नियमाप्रमाणे वागला. मूळ कागद पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली गळ्यात, नक्कल खिशात. विमानात बसून गेला. जाताना कुणी काही विचारलं नाही. जाणाऱ्याला कोण अडवतो?

नऊ दिवस तो तिकडे होता. तिथे काय झालं ते त्यानं मला मागून सांगितलं. कपाट त्यानं आठ सेकंदांत उघडलं. आत शाल होती, त्याचे शाळेतले निकाल होते आणि एक मोडकी छत्री. दुसऱ्या दिवशी सदऱ्याचं बटण तुटलं म्हणून त्यानं आईचा शिवणाचा डबा उघडला, तर सुईदोऱ्याच्या खाली ती हरवलेली किल्ली. तीही हरवू नये म्हणून सुरेख रिबिनीत बांधलेली. त्यानं बटण लावलं आणि डबा होता तसा बंद करून ठेवला. आई समोरच बसली होती. ती म्हणाली, "मिळाला दोरा?" तो म्हणाला, "मिळाला." आणि मग उरलेले दिवस दोघांनी कपाटाचा विषय काढला नाही.

तो परत यायच्या दिवशी ड्रायव्हरबाईची सकाळची पाळी होती. दुपारी दीडला ती गणवेशातच माझ्या दुकानात आली आणि बाकावर बसली. विमान बाराला उतरलं होतं, आतापर्यंत त्याचा फोन यायला हवा होता. मी दिलेला चहा तिनं हातात धरून गार केला. अडीचला फोन वाजला. नवऱ्याचा नव्हता. विमानतळावरच्या साहेबाचा होता. तिनं तो मोठ्या आवाजावर टाकला.

"तुमच्या पतीनं परवानगी म्हणून आम्हाला एक प्लॅस्टिक दाखवलं आहे," साहेब म्हणाला. "शिक्क्यावर अंगठा फिरवला तर उठाव लागत नाही. मूळ कागद घरी पेटीत आहे आणि पेटीची किल्ली त्यांच्या गळ्यात आहे, असं ते म्हणतात. मी सहापर्यंत इथे आहे. तोवर मूळ आलं तर ठीक. नाहीतर त्यांना साडेसातच्या विमानानं परत पाठवावं लागेल, आणि अर्ज बंद होईल."

उठाव! माझ्या नव्या मशीनला सगळं येतं, उठाव येत नाही.

"पेटी किल्लीशिवाय उघडता येते का?" साहेबानं विचारलं.

मागून किल्लीरावाचा आवाज आला. "नाही! उघडणारच नाही ती. फोडायला लाग. छिन्नी टपरीत आहे, डावीकडच्या खणात. बिजागरीवर मार. दोन तास तरी लागतील, तू आत्ताच निघ!"

"आणते," ड्रायव्हरबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

मी टपरीतून छिन्नी घेतली, मोठी हातोडी घेतली, आणि तिच्या मागून त्यांच्या तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत चढले. वर पोचले तर दार उघडंच. म्हटलं ही पुढे आली म्हणून असेल. झोपायच्या खोलीत आरशाचं टेबल, त्याच्या समोरच्या भिंतीशी ती पेटी. मी हातोडी उगारली.

"मावशी, खाली ठेव ती. पायावर पाडशील," ती म्हणाली.

मग ती पेटीपाशी बसली. कुलपाच्या डाव्या बाजूचा खालून तिसरा रिव्हेट अंगठ्यानं दाबला, कुलूप थोडं आपल्याकडे ओढून सोडवलं आणि झाकण वर उचललं. पेटी उघडली. एवढ्या वेळात मला माझी पर्ससुद्धा उघडता येत नाही.

मी हातोडी खाली ठेवली. "हे तुला कधीपासून येतं?"

"लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून. त्यानं या कुलपांत स्वतःसाठी चोरवाट ठेवलीये. गळ्यातली किल्ली काढायचा कंटाळा आला की असंच उघडतो. मी तिकडे तोंड करून केस विंचरत असते, म्हणून त्याला वाटतं मी बघत नाही." तिनं आरशाकडे बोट दाखवलं. "दिवसाचे आठ तास मी आरशात बघून मागचं ओळखते, मावशी."

म्हणजे तो गाढव तिकडे चोरवाट माहीत असून बोलत नव्हता! एक वाक्य फोनवर सांगितलं असतं तर काम होतं. मला आधी चीड आली. मग लक्षात आलं, की साहेबासमोर, मोठ्या आवाजावर, चाळीस घरांच्या कुलपांची युक्ती तो कशी बोलणार? साडेसातचं विमान समोर दिसत होतं, तरी त्यानं गिऱ्हाइकांची दारं उघडी टाकली नाहीत. वर पेटीची बिजागरी फोडायला निघाला. अशा माणसाला काय म्हणावं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिनं पेटीतलं जे होतं ते सगळं पिशवीत ओतलं. मीही निघाले. नक्कल माझी होती, मला घरी बसवेना.

पावणेपाचला आम्ही विमानतळावर साहेबाच्या खोलीत पोचलो. पांढऱ्या भिंती, एक टेबल, चार खुर्च्या, घड्याळ. किल्लीराव खुर्चीच्या कडेवर बसला होता. आम्हाला बघून त्यानं पहिली गोष्ट विचारली ती अशी: "बिजागरी फार खराब झाली का?"

साहेबानं मूळ कागदावर अंगठा फिरवला. उठाव लागला. माझा जीव भांड्यात पडला. पण साहेब लोकांना काम झालं की थांबता येत नाही.

"यांनी लिहून दिलंय की किल्ली एकच आहे आणि ती यांच्याकडे आहे. फोडायलाच दोन तास लागतील असं हे म्हणाले होते, आणि तुम्ही सव्वादोन तासांत इथे, कागदाला धूळही नाही. मग तुम्ही ती उघडली कशी?"

किल्लीरावाचा चेहरा पडला. त्यानं बायकोकडे पाहिलं, आणि त्याला कळलं. गेली अनेक वर्षं छातीवर हात ठेवून तो जे सांगत आला, ते त्याच्याच घरात खोटं होतं.

"हा सगळ्यांना सांगतो की ते उघडत नाही," ड्रायव्हरबाई म्हणाली. "सगळ्यांना नाहीच उघडत. मी बायको आहे."

"म्हणजे कशी?"

"ते त्याच्या धंद्याचं आहे. नाही सांगणार."

साहेबानं लेखणी खाली ठेवली. दोघंही एकाच गोष्टीवर तोंड शिवून बसलेले बघून त्याची पंचाईत झाली असावी. त्यानं पिशवी उलटी केली. वही बाहेर पडली. त्यानं उघडली, आणि किल्लीराव अर्धा उठला. "ते... ते माझं खासगी आहे, साहेब. तिला ठाऊक नाही ते."

साहेब वाचायला लागला, आणि माझी मान लांब असल्यामुळे मीही.

शाईत, किल्लीरावाच्या ठोकळेबाज अक्षरात: दात घासायचा ब्रश, हिरवा. खाली पेन्सिलीत, वळणदार: तो तुझा. माझा निळा. तू दोन वर्षं माझ्या ब्रशनं घासतोयस का?

झोपायची बाजू, डावी. पेन्सिल: पायथ्याकडून बघून की उशाकडून? नीट लिही, साहेब विचारेल.

राग कशानं येतो, खरकट्या ताटात चमचा राहिला की. पेन्सिल: चमच्यानं नाही. भांडण झालं की तू न बोलता टपरीत जाऊन बसतोस, त्यानं.

पानामागून पानं अशीच. तो लिहून कुलूप लावायचा, आणि ती उघडून चुका सुधारून परत ठेवायची. आणि आधी लिहिलेलं उलटून बघायची याला सवय नाही. साहेब गालातल्या गालात काहीतरी लपवत होता. शेवटच्या लिहिलेल्या पानावर तो थांबला, आणि त्यानं वही किल्लीरावापुढे सरकवली.

किल्लीरावानं निघायच्या आदल्या दिवशी लिहिलं होतं: मी परत येऊ शकलो नाही तर काय करेल? माहीत नाही. विचारायचं राहिलं.

खाली पेन्सिलीत: बस चालवेन. जेवेन. दार नुसतं लोटून ठेवते आहे, तू येईपर्यंत कुलूप लावणार नाही.

किल्लीराव ते दोनदा वाचत बसला. मग त्यानं वर पाहिलं, डोळे भरलेले, आणि ओरडला, "नऊ दिवस? नऊ दिवस दार उघडं? माझ्या घराचं?"

साहेबानं शिक्का उचलला आणि निळसर कागदावर मारला. मग उठून खिडकीशी गेला आणि उगाच बाहेर बघत राहिला. वही मात्र त्यानं अर्जासोबत ठेवून घ्यायची म्हटली. तिला कुठल्या रकान्यात घालायचं ते त्याला सापडेना, म्हणून त्यानं "इतर" असं लिहिलं आणि आम्हाला सांगितलं, की तिच्या तीन प्रती आणून द्या. मी आणून दिल्या. पेन्सिल फिकट येते म्हणून मशीन सगळ्यात गडदवर ठेवलं. पैसे घेतले नाहीत. अर्ज अजून पडूनच आहे.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं जिना चढलो. मला त्याला लॅमिनेशनवरून चार शब्द सुनवायचे होते, म्हणून मीही वर गेले. दारापाशी किल्लीराव थांबला. त्याचंच कुलूप कोयंड्याला उघडं लटकत होतं. त्यानं एका बोटानं दार ढकललं. ते सरकन उघडलं. तो तिथेच उभा राहिला, बॅग हातात.

"चोर आला असता तर?" तो म्हणाला.

"चोरासाठी नव्हतं ठेवलं," ती म्हणाली आणि आत जाऊन बूट काढायला बसली.

त्यानं बॅग उंबऱ्याच्या आत ठेवली आणि गळ्यातला दोरा काढून खुंटीला अडकवला. मी माझे चार शब्द तसेच घेऊन खाली आले.